टेबलात पहिला की ट्रॉफीवाला? सीझन मोठा की शेवटच्या तीन मॅच?

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना आलेले "म्हणजे", "ॲक्च्युअली" वगैरे शक्य तितके काढलेत. सगळे निघाले नाहीत.)

लोकलमध्ये उभ्याने ऐकत असाल तर एक हात दांडीला आणि कान इकडे. आजचा विषय वादाचा आहे, आणि आज दादर बऱ्याच वेळा येणार आहे.

दोन तारखा सांगतो. पहिली, १९ नोव्हेंबर २०२३. अहमदाबाद. आपली टीम वर्ल्ड कपमध्ये सलग दहा मॅच जिंकून फायनलला आली होती. समोर ऑस्ट्रेलिया, ज्यांनी स्पर्धेतल्या पहिल्या दोन मॅच हरल्या होत्या, त्यातली एक आपल्याशीच. पुढे काय झालं ते माहितीय. दुसरी तारीख, २ नोव्हेंबर २०२५. नवी मुंबई, डी. वाय. पाटील स्टेडियम. आपल्या मुलींनी वर्ल्ड कप उचलला. त्याच स्पर्धेच्या लीगमध्ये त्या ओळीने तीन मॅच हरल्या होत्या: दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड. चौथ्या नंबरने कशाबशा सेमीत पोचल्या.

आता प्रामाणिकपणे सांगा. २०२३ ला आपण म्हणालो, "एका दिवसावरून ठरवणं अन्याय आहे, बेस्ट टीम आपलीच." २०२५ ला म्हणालो, "चॅम्पियन तो चॅम्पियन, लीगचं काय घेऊन बसलात!" दोन्ही वाक्यं एकाच तोंडातून आली. मग खरं कुठलं? सीझनभर जिंकणं मोठं, की शेवटच्या नॉकआउटचा मान मोठा?

अमेरिकेतला वाद, थोडक्यात

हा प्रश्न सगळ्यात जोरात भांडला जातो तो अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये. तिथे कॉलेजच्या टीम हिवाळाभर तीसेक मॅच खेळतात. मग मार्चमध्ये ६८ टीमची मोठी नॉकआउट स्पर्धा. एक मॅच हरलात की घरी. ज्यांना तिथे जागा मिळत नाही, त्यांच्यातल्या काहींना एनआयटी नावाच्या दुय्यम स्पर्धेचं बोलावणं येतं. गंमत म्हणजे ही दुय्यम स्पर्धा वयाने मोठी आहे. ती १९३८ ला सुरू झाली, मोठी १९३९ ला. पण आज मान इतका उलटा झालाय की काही कॉलेजं एनआयटीचं बोलावणं चक्क नाकारतात. म्हणजे खेळायला मिळतंय, कप जिंकायची संधी आहे, तरी नको. छोट्या स्पर्धेत जिंकण्यापेक्षा मोठ्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलेलं चालेल, असा हिशोब.

आपल्याला हे विचित्र वाटेल. पण मुंबईच्या क्रिकेटमध्ये हाच हिशोब वर्षानुवर्षं चालत आलाय. रणजी ट्रॉफी मुंबईने ४२ वेळा जिंकलीय. १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत तर सलग पंधरा वर्षं. एवढा इतिहास पाठीशी असला की काय होतं? "यंदा मुंबई सेमीला हरली" हे वाक्य इथे शोकसंदेशासारखं बोललं जातं. तेच वाक्य दुसऱ्या एखाद्या राज्यात पेढे वाटायचं कारण असतं.

नॉकआउटमध्ये "जिंकणं" म्हणजे नेमकं काय?

इथे थोडं नियमात शिरू, कारण खरी मजा तिथेच आहे.

रणजीच्या एलिट गटात ३२ टीम असतात, आठ-आठचे चार गट. प्रत्येकीला लीगच्या सात मॅच. सरळ विजय मिळवलात तर ६ गुण. डावाने किंवा दहा विकेटने जिंकलात तर वर एक बोनस. मॅच अनिर्णित राहिली, तर पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३ आणि मागे पडणाऱ्याला १. प्रत्येक गटातल्या पहिल्या दोन टीम क्वार्टर फायनलला जातात.

म्हणजे लीगमध्ये नियम स्पष्ट सांगतो की पूर्ण विजय हा आघाडीच्या दुप्पट किमतीचा आहे. पण नॉकआउटला गुणच नसतात. कुणीतरी एकच पुढे जायला हवं. म्हणून मॅच अनिर्णित राहिली की पहिल्या डावात ज्याची आघाडी, तो पुढे. लीगमध्ये जी गोष्ट अर्ध्या किमतीची होती, ती नॉकआउटला पूर्ण किमतीची होते.

२०२४-२५ चा सीझन यासाठी मस्त उदाहरण आहे. जम्मू-काश्मीरने लीगमध्ये मुंबईला आपल्याच घरात, बीकेसीच्या मैदानावर हरवलं. मुंबईकडून रोहित, यशस्वी, रहाणे, श्रेयस, शार्दूल, सगळे खेळत होते, तरी पाच विकेटने हरवलं. गटात जम्मू-काश्मीर पहिले, मुंबई दुसरी. क्वार्टर फायनलला त्यांच्यासमोर केरळ. जम्मू-काश्मीरचा पहिला डाव २८०. केरळ ९ बाद २००. मॅच संपल्यात जमा. तिथून सलमान निझार आणि शेवटचा बॅट्समन बेसिल थंपी यांनी ८१ रन जोडल्या. केरळ २८१. आघाडी एका रनची! मग केरळने शेवटचा दिवस खेळून काढला, मॅच अनिर्णित, आणि गटात पहिली आलेली टीम न हरता घरी गेली.

सेमीला पुन्हा तेच, आणि त्याहून अजब. केरळ ४५७. गुजरात ४५५ वर, शेवटची जोडी मैदानात. नागवासवालाने जोरात फटका मारला, बॉल शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या सलमान निझारच्याच हेल्मेटला लागून वर उडाला आणि स्लिपमध्ये कॅप्टन सचिन बेबीच्या हातात. दोन रनची आघाडी. केरळ इतिहासात पहिल्यांदा रणजीच्या फायनलला. फायनलही अनिर्णित राहिली, पण तिथे आघाडी विदर्भाची होती, ३७९ विरुद्ध ३४२. कप विदर्भाचा.

आता मोजा. केरळ त्या अख्ख्या सीझनमध्ये एकही मॅच हरला नाही. नॉकआउटच्या तीनही मॅच अनिर्णित, म्हणजे सरळ विजय शून्य. तरी तो त्यांचा सगळ्यात मानाचा सीझन ठरला. आणि मुंबई? लीगमध्ये दोनदा हरली, क्वार्टरला हरियाणाला आरामात हरवलं, सेमीला नागपुरात विदर्भाकडून हरली. केरळसाठी जो सीझन सुवर्णाक्षरांचा, त्याच्यापेक्षा फक्त एक पायरी खालचा सीझन मुंबईसाठी "वाया गेलेला".

नियम खेळ बदलतो

केरळने अनिर्णित राखण्यासाठी खेळ केला म्हणून नाक मुरडणारे बरेच होते. पण त्यांनी नियम वाचून खेळ केला. हाच नियम दुसऱ्या बाजूला उभं राहून वाचला की कसलं क्रिकेट निघतं, ते वानखेडेवर मे १९९१ मध्ये दिसलं.

रणजी फायनल, मुंबई विरुद्ध हरियाणा. पहिल्या डावाची आघाडी हरियाणाकडे होती. म्हणजे मॅच अनिर्णित राहिली तरी कप हरियाणाचा. मुंबईसमोर ३५५ चं लक्ष्य. अनिर्णित हा पर्यायच नव्हता, कारण अनिर्णित म्हणजे हारच. ३ बाद ३४ अशी अवस्था झाली तरी मुंबई मारतच राहिली. सचिनने ९६ केल्या. वेंगसरकर शेवटपर्यंत १३९ वर नाबाद राहिले. शेवटचा गडी कुरुविला रनआउट झाला तेव्हा मुंबई फक्त दोन रनने मागे होती. वेंगसरकर मैदानातच रडले.

लक्षात घ्या, मुंबईने जिंकलेल्या ४२ फायनलपैकी बहुतेकांचे तपशील कट्ट्यावर कुणालाच आठवत नाहीत. ही हरलेली फायनल मात्र आजही सांगितली जाते. म्हणजे "मान" आणि "कप" हेसुद्धा एकच नाहीत.

थोडं गणित, घाबरू नका

समजा एक टीम खरंच भारी आहे. कुणाशीही खेळली तरी दहापैकी सात वेळा जिंकते. सात लीग मॅचमध्ये सरासरी पाचेक जिंकेल, आरामात वर येईल. आता नॉकआउट: क्वार्टर, सेमी, फायनल. तीनही जिंकायची शक्यता ०.७ गुणिले ०.७ गुणिले ०.७, म्हणजे साधारण ३४ टक्के. सगळ्यांपेक्षा सरस असलेली टीमसुद्धा तीनपैकी दोन सीझनला कपाशिवाय घरी जाणार. दहापैकी नऊ वेळा जिंकणारी, स्वप्नातली टीम घ्या. तिची शक्यता ७३ टक्के. चार सीझनमध्ये एकदा तीही जाणार. अमेरिकेत कप जिंकायला ओळीने सहा मॅच जिंकाव्या लागतात. तिथे या स्वप्नातल्या टीमची शक्यता ५३ टक्के, नाणं उडवल्यापेक्षा जरा बरी.

मी दिवसा सॉफ्टवेअर लिहितो, तिथे आम्ही दोन गोष्टी वेगळ्या मोजतो. एक, सर्व्हर वर्षभर किती वेळ धड चालला. दोन, सेलच्या रात्री बाराला सगळी गर्दी एकदम आली तेव्हा तो टिकला का. दोन्ही महत्त्वाचं. पण फक्त सेलच्या रात्रीवरून इंजिनिअरचं वर्षभराचं काम ठरवायला लागलात, तर नशिबाला पगारवाढ द्याल. लीग आणि नॉकआउटचं तसंच आहे. लीग ताकद मोजते. नॉकआउट त्या दिवशी काय झालं ते मोजतो, आणि त्यात दडपण सहन करण्याची ताकद येते तसंच हेल्मेटला लागून उडालेला बॉलही येतो.

दादरचा एक माणूस, तीन गोष्टी

हा सगळा वाद एकाच माणसाच्या आयुष्यात बघायचा असेल तर नाव घ्या अमोल मुजुमदार.

पहिली गोष्ट, फेब्रुवारी १९८८. आझाद मैदान. शालेय क्रिकेटची हॅरिस शिल्ड, दादरची शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन आणि कांबळीने ६६४ रनची नाबाद भागीदारी केली. सचिन ३२६, कांबळी ३४९. त्यांच्यानंतर बॅटिंगला जायचा होता अमोल. पॅड बांधून बसून राहिला, नंबर आलाच नाही. आणि ती मॅच कुठली होती? सेमीफायनल. फायनलला सचिनने नाबाद ३४६ केल्या, सेमीपेक्षा जास्त! ती खेळी कितीजणांना माहितीय? लोकांच्या आठवणीत फायनलच राहते असं आपण धरून चालतो, पण इथे सेमी राहिली.

दुसरी गोष्ट, २००६-०७ चा रणजी सीझन. मुंबईचा कॅप्टन अमोल, कोच प्रवीण आमरे. पहिल्या तिन्ही मॅच मुंबई हरली. कॅप्टनला काढा, सीनियरना काढा, सगळं ऐकून झालं. उरलेल्या मॅचमध्ये गुण गोळा करत टीमने सेमी गाठली. सेमीला बडोद्यात दुसऱ्या डावात मुंबईचा स्कोर होता ५ बाद शून्य. टायपिंगची चूक नाही, एकही रन न होता पाच आउट. तिथून ती मॅच जिंकली. मग वानखेडेवर फायनल, इकडे सचिन आणि झहीर, पलीकडे बंगालकडून गांगुली. मुंबईने सदतिसावा कप घेतला. आज त्या सीझनचं नाव निघालं की कुणी "तीन मॅच हरलेला कॅप्टन" म्हणत नाही.

तिसरी गोष्ट तुम्ही सगळ्यांनी पाहिलीय. २०२५ चा महिला वर्ल्ड कप, कोच अमोल मुजुमदार. पुन्हा ओळीने तीन पराभव, इंग्लंडविरुद्धचा तर फक्त चार रनने. सोशल मीडियावर काय काय लिहिलं गेलं ते आठवा. मग न्यूझीलंडला हरवून सेमी. समोर ऑस्ट्रेलिया, लीगमध्ये एकही मॅच न हरलेली, टेबलात १३ गुणांनी पहिली. आपले गुण ७. त्यांनी ३३८ केल्या. आपल्या मुंबईच्या जेमिमाने नाबाद १२७ करून त्या पार केल्या, आणि फायनलला दक्षिण आफ्रिकेला ५२ रनने हरवलं.

आता मला खरंच टोचणारा भाग. याच माणसाने १९९४ मध्ये रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६० केल्या. तो तेव्हा पदार्पणातला जागतिक विक्रम होता. प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर रन. रणजीचे कप हाताशी. पण भारताकडून एकही मॅच खेळायला मिळाली नाही. शिवाजी पार्कचे पद्माकर शिवलकर घ्या. १९७२-७३ च्या रणजी फायनलला १६ रनमध्ये ८ विकेट, प्रथम श्रेणीत ५८९ विकेट, आणि भारताची टोपी नाही, कारण त्याच काळात बिशनसिंग बेदी होते. ट्रॉफीचा मान माणसाला वर नेतोच, असं नाही. आणि ट्रॉफी नसली तर त्याचं काम शून्य होतं, असंही नाही. न्यूझीलंडविरुद्धची एक मॅच हरली असती, तर त्याच कोचच्या, त्याच दोन वर्षांच्या कामाला आपण "फेल" म्हटलं असतं. काम तेच, फरक एका संध्याकाळचा.

ज्या स्पर्धेत लीगच सगळं काही

मुंबईकरांनी दुसरा मार्गही कधीच शोधून ठेवलाय. कांगा लीग. डॉ. होरमसजी कांगा यांच्या नावाने १९४८ ला सुरू झालेली, भर पावसाळ्यातली स्पर्धा. आझाद मैदान, क्रॉस मैदान, शिवाजी पार्क, माटुंगा. न झाकलेली ओली विकेट, गुडघाभर वाढलेलं गवत, रविवारमागून रविवार. 'ए' पासून खाली डिव्हिजन, चांगलं खेळलात तर वर, नाही तर खाली.

इथला मान एका रात्रीत मिळत नाही आणि एका रात्रीत जातही नाही. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्यातली चुरस जुन्या लोकांना विचारा. "आमचा क्लब ए डिव्हिजनला आहे" हे वाक्य इथे कपाच्या तोडीचं. गावसकर-वेंगसरकरांसारखे टेस्ट खेळणारे लोक या चिखलात उतरायचे, ते काय कपासाठी? ओल्या विकेटवर दर रविवारी टिकता येतं का, ते बघण्यासाठी. मुंबईला रणजीच्या नॉकआउटमध्ये जो टणकपणा लागतो, ज्याला आपण खडूसपणा म्हणतो, तो अशा लीगमध्ये तयार झाला.

मग उत्तर काय?

माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा.

चॅम्पियन कोण, हे नॉकआउटनेच ठरावं. खेळ बघायला लागतो तो त्यासाठीच. केरळची एका रनची आघाडी आणि ५ बाद शून्यवरून आलेली मुंबई ही मजा गुणांच्या टेबलात नाही. तेव्हा २०२३ ला चॅम्पियन ऑस्ट्रेलिया, २०२५ ला आपण. रडायचं नाही.

पण माणसं निवडायची असतील, कोच ठेवायचा की काढायचा ठरवायचं असेल, अंडर-१९ च्या पोराला पुढची संधी द्यायची की नाही हे बघायचं असेल, तर सीझन बघा. गणित सांगतं की तीन मॅचच्या निकालात नशिबाचा वाटा फार मोठा असतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाची गोष्ट यासाठी मला फार आवडते. २०१८ मध्ये ३१ विजय आणि २ पराभव घेऊन ते मोठ्या स्पर्धेत पहिल्या मानांकनाने आले. पहिल्याच मॅचला, सगळ्यात खालच्या मानांकनाच्या यूएमबीसीने त्यांना ७४-५४ असं हरवलं. पुरुषांच्या स्पर्धेत असं आधी कधीच झालं नव्हतं. देशभर हसू झालं. विद्यापीठाने कोच टोनी बेनेट यांना काढलं नाही. पुढच्याच वर्षी, २०१९ ला, व्हर्जिनिया चॅम्पियन झाली.

कुणीतरी त्या एका रात्रीच्या पलीकडचे ३१ विजय वाचले होते, एवढंच.

आपल्याकडे हे वाचन कमी पडतं. शाळेच्या टीममधला मुलगा हॅरिस शिल्डच्या फायनलला शून्यावर गेला की घरचेच म्हणतात, "मोठ्या मॅचला घाबरतो." अहो, एक मॅच आहे ती. त्याने त्या सीझनला आधी किती वेळा टीमला सावरलं, ते कुणी लिहून ठेवलंय का? तुमच्या क्लबमध्ये, शाळेत, कॉलेजात स्कोरबुक सांभाळणारं कुणी असेल, तर या सीझनला एक काम करा. फक्त फायनलचा स्कोरकार्ड फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. अख्ख्या सीझनचा एक कागद करा. कोण कितीव्या नंबरला, टीम अडचणीत असताना काय केलं, किती मॅच. निवडीच्या दिवशी कोचच्या हातात तो कागद द्या.

पुढच्या भागात डकवर्थ-लुईसचं गणित सोपं करून सांगायचा विचार आहे. तोपर्यंत, चला, भेटू!